हातमाग, हातभट्टी आणि रूपाभवानीची शिंदी

शनिवार-रविवारी थोडक्या खर्चात एखादे शहर पाहून येण्याची रीत आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. पूर्वी अशा प्रवासात देवळे आणि किल्ले पाहत. आता तिथल्या भिंतींवर काय रंगवले आहे ते पाहायचे आणि तिथल्या तिथे, लहान प्रमाणावर, कोणा जाणकाराच्या देखरेखीखाली तयार झालेली बिअर प्यायची, असे या रसिकतेचे सर्वसाधारण स्वरूप दिसते. महाराष्ट्रात पाहायचे तर २००९ साली पुण्यात 'डूलाली' सुरू झाली आणि २०१७ साली मुंबईच्या ससून डॉकच्या भिंती चित्रकारांनी रंगवल्या, हे या अभिरुचीचे दोन ठळक टप्पे म्हणता येतील. भिंत आणि पेय ही तिची दोन मापे. तीच सोलापूरला लावून पाहिली तर काय हाती लागते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सोलापूर हे नाव अशा सहलींच्या यादीत सहसा येत नाही. उन्हाळा कडक, पाण्याची ओढ कायमची, आणि जो जातो तो बहुधा पंढरपूर, अक्कलकोट किंवा तुळजापूरला जाताना वाटेत उतरतो. परंतु पुण्याहून जाणाऱ्या माणसाला स्वस्तात पडणारी जी गाडी आहे तिचे नावच 'हुतात्मा एक्सप्रेस' आहे. २००१ साली ती सुरू झाली. गाड्यांना नद्यांची, देवांची, राजघराण्यांची नावे असतात. एका शहराने आपल्या फाशी गेलेल्या माणसांची आठवण रेल्वेच्या वेळापत्रकात घालावी, ही गोष्ट तशी विरळाच. ही माणसे कोणत्या प्रकरणात फाशी गेली याचा माग काढत गेले की वाट शिंदीच्या झाडापाशी, म्हणजे पेयापाशीच जाऊन पोहोचते. पण आधी भिंती पाहू.

सात रस्ता हे चालायला सुरुवात करण्यास योग्य ठिकाण. नावाप्रमाणे इथे वाटा फुटतात; एक विजापूर रस्त्याला लागते, एक रेल्वे लाइन्सकडे, एक रंगभवनाकडे. जुने सोलापूर म्हणजे सिद्धेश्वराचे तळे, भुईकोट किल्ला आणि त्याभोवतीच्या पेठा. सात रस्त्याचा भाग त्याच्या बाहेरचा, मोकळ्या रस्त्यांचा. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीसाठी निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नववे आले. पुढे देशभरातील शहरांप्रमाणे इथेही सार्वजनिक भिंती स्वच्छतेच्या संदेशांनी आणि चित्रांनी रंगल्या. या चित्रांबद्दल फारसे लिहावे असे मला वाटत नाही. झाडे, पाणी, हसरी मुले, हात जोडलेली माणसे: ही चित्रे कोणत्याही नगरपालिकेची असू शकतात. ती काढणाऱ्या हातांत कसब नाही असे नव्हे, पण भिंतीला स्वतःचे काही म्हणायचे आहे असे त्यांतून वाटत नाही.

ज्या भिंतींना म्हणायचे होते त्या बोलत होत्या दुकानांच्या पाट्यांमधून. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच बाजारात नांदणाऱ्या या गावात पाटी रंगवणाऱ्या पेंटरला वळणदार अक्षराच्या चार परंपरा ठाऊक असाव्या लागत. फ्लेक्स आला आणि ही विद्या पाहता पाहता ओसरली. १९९५ साली राज्यात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा झाला, पण फ्लेक्सने पाटीचे जे केले ते कोणत्याही कायद्याने अडले नाही. रस्त्यावर रंगवण्याचे काम कोणत्या उंचीला जाऊ शकते हे सांगण्यासाठी आपण न चुकता हुसेनचे नाव घेतो. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मले आणि मुंबईच्या रस्त्यांवर सिनेमाची होर्डिंगे रंगवून त्यांनी पोट भरले. त्या पोटभरू रंगकामाची कलेच्या इतिहासात नोंद झाली ती हुसेन पुढे हुसेन झाले म्हणून. बाकीचे पेंटर पेंटरच राहिले.

सोलापूरची खरी रस्त्यावरची कला भिंतीवर नाहीच, ती जमिनीवर आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या, वाहून नेणाऱ्यांच्या कमरेला बांधून मिरवत निघतात. तेरा जानेवारीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, चौदाला अक्षता सोहळा. नंदीध्वजांच्या मार्गावर रांगोळीच्या लांबच लांब पायघड्या घातल्या जातात. त्या घालणाऱ्यांचे नाव कुठे लिहिलेले नसते, आणि ज्यांच्यासाठी त्या घातल्या त्यांच्याच पावलांनी त्या पुसल्या जातात.

आता पेयाकडे वळू.

शिंदी हे झाड ओढ्याकाठी, पाणथळ जागी आपोआप उगवते. तिच्या शेंड्याखाली खाच पाडून मडके लावले की रात्रभर रस ठिबकतो. पहाटे तो गोड असतो, तीच नीरा. मडक्याला आतून चुना लावला नसेल तर हवेतल्या यीस्टने तो काही तासांत आंबतो आणि दुपारपर्यंत त्याची शिंदी होते. झाडाला आणि पेयाला एकच नाव आहे ते उगीच नाही. बिअरसाठी सातू मोड आणून भाजावे लागते, उकळावे लागते, हॉप्स घालावी लागतात, यीस्ट सोडावे लागते. शिंदीला यांतले काहीच लागत नाही. मादकता मात्र साधारण बिअरइतकीच. लहान प्रमाणावर, तिथल्या तिथे, ताजे आणि साठवता न येणारे, या 'क्राफ्ट'च्या ज्या खुणा आज सांगतात त्या सगळ्या शिंदीला लागू पडतात. तिचा कारागीर म्हणजे झाडावर चढणारा माणूस.

हीच गोष्ट इंग्रज सरकारची डोकेदुखी होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि त्यामागे असलेल्या चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या धोरणाने गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू गाळण्याचे काम मोजक्या मोठ्या डिस्टिलऱ्यांत आणले. डिस्टिलरीच्या दाराशी शिपाई उभा करून थेंब न् थेंब मोजता येतो. मोहाच्या दारूसाठी तर १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांपुरता खास कायदा करून मोहाची फुलेच बंधनात घातली गेली. पण जे पेय झाडावरच तयार होते त्याचा कारखाना कुठे शोधायचा? म्हणून कर झाडावर बसला. परवाना घ्यायचा, झाडामागे पैसे भरायचे आणि मगच खाच पाडायची. कोकणातल्या भंडाऱ्यांनी याविरुद्ध मोठी कुरबुर केली. पुढे पुढे अबकारीचे उत्पन्न मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या खालोखाल मोठे झाले. दारूला विरोध करणाऱ्यांतही हे ध्यानात घेणारे होते. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली टिळकांच्या पुण्यात दुकानांवर पहारे बसले. व्यसनाबद्दलचा नैतिक संताप आणि तिजोरीबद्दलचा राजकीय हिशेब या दोन धारा या विरोधात पहिल्यापासून एकत्र वाहत आल्या आहेत, आणि त्यांतली कोणती कुठे संपते हे सांगणे अवघड आहे.

१९३० च्या एप्रिलमध्ये गांधींनी मीठ उचलले. सोलापूरला समुद्र नाही. देशावरच्या सत्याग्रहींसमोर प्रश्न होता तो हाच, की कायदा मोडायचा तर कोणता? काही ठिकाणी त्याचे उत्तर जंगल सत्याग्रह हे होते. दुसरे उत्तर खुद्द गांधींनी सुरत जिल्ह्यात दिले होते: ताडीची झाडे तोडा. झाडावर कर आहे, तर झाडच नाहीसे करा. चार-पाच मेच्या रात्री गांधींना अटक झाली आणि सोलापुरात हरताळ पडला. आठ मे रोजी जमाव रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला गेला. पोलिसांनी काहींना पकडले, जमावाने त्यांच्या सुटकेची मागणी केली, वातावरण चिघळले आणि गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण मरण पावला. त्यानंतर मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, न्यायालयाला आग लागली. पुढचे तीन दिवस शहरात सरकार असे नव्हते. बारा मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला.

लष्करी कायद्याच्या या दिवसांत भिंत आणि रस्ता यांचा अर्थ नेमका काय असतो ते सोलापूरने पाहिले. एप्रिलमध्ये नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा चढला होता. आता झेंडा बाळगणे हा गुन्हा झाला आणि डोक्यावरची गांधी टोपी शिक्षेला कारण होऊ लागली. रस्त्यावर काय दिसावे यावर सत्तेचा इतका बारीक डोळा असतो, हे रंगवलेल्या भिंतींचे कौतुक करताना सहसा आठवत नाही.

चौकी जळाल्याच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशीची शिक्षा झाली. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत आणि गिरणी कामगारांत वावरत. बारा जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आले. सोलापुरात तेव्हा संक्रांतीच्या यात्रेला दोनच दिवस उरले होते. चौघांचे पुतळे आज शहराच्या मध्यभागी आहेत, नाट्यगृहाला हुतात्म्यांचे नाव आहे, आगगाडी आहे. झाडांची आठवण मात्र मागे पडली. पोलीस चौकी, गोळीबार, फाशी हा क्रम सगळे सांगतात. ज्या कुऱ्हाडीने सुरुवात झाली ती आठ मे च्या हकिकतीत एका ओळीपुरती येते.

याचे एक कारण उघड आहे. त्या कुऱ्हाडीखाली सरकारचे उत्पन्न पडले, तसे झाडावर चढणाऱ्याचे पोटही पडले. खाच पाडण्याजोगे झाड व्हायला काही वर्षे जावी लागतात. गिरणीतून सुटलेला कामगार शिंदीच्या दुकानात पगार उधळतो ही तक्रार खरी होती, आणि त्या कामगाराच्या बायकोच्या दृष्टीने तर ती आणखीच खरी असणार. सरकार त्याच पगारावर जगत होते हेही खरे. पण या सगळ्या खरेपणात शिंदी काढणारा माणूस कोणाच्याच बाजूचा नव्हता. हुतात्म्यांच्या इतिहासात तो नाही आणि अबकारीच्या इतिहासात तो फक्त परवानाधारक आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि सहा एप्रिल १९५० पासून, मिठाच्या सत्याग्रहाची तारीख धरून, इलाखाभर संपूर्ण दारूबंदी झाली. इंग्रजांनी भट्टी मोडली होती ती कर वसुलीसाठी; स्वराज्याने ती मोडली नीतीसाठी. भट्टीवाल्याच्या बाजूने पाहता फरक फार नव्हता. बंदी पुढे सैल झाली, परवाने आले, मोठ्या कंपन्या आल्या, आणि शेवटी पुण्या-मुंबईत लहान ब्रुअरीलाही परवाना मिळू लागला. परत न आले ते फक्त मूळचे कारागीर.

मराठीत एक शब्द आहे, 'हातभट्टी'. सोलापुरात त्याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवून पाहावा, 'हातमाग'. दोन्हींत हात तोच आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हाताने या शहराला नाव दिले. चादर पुढे यंत्रमागावर गेली तरी सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. काही वाण केवळ हातमागासाठी राखून ठेवावेत म्हणून १९८५ साली संसदेने कायदा केला. हातमागाच्या बाबतीत 'हात' हा शब्द संरक्षण मागतो आणि मिळवतो. हातभट्टीच्या बाबतीत तोच शब्द आरोपपत्रात येतो. मला दोन्हींची बरोबरी करायची नाही. हातभट्टीच्या विषारी दारूने माणसे मेली आहेत, चादरीने कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. पण विष भट्टीत शिरले ते ती लपून चालवावी लागल्यामुळे किती आणि हाताच्या दोषामुळे किती, हा प्रश्न आपल्या इतिहासकारांनी अजून नीटसा विचारलेला नाही. 'क्राफ्ट' हा शब्द परदेशातून आल्यावर त्याच कामाला प्रतिष्ठा कशी मिळाली, हेही त्याच प्रश्नाचे दुसरे अंग आहे. प्रतिष्ठा पेयाला मिळाली, आणि ती परवान्याचे शुल्क भरू शकणाऱ्याला मिळाली.

सोलापूरपासून थोड्याच अंतरावर मुळेगाव तांडा आहे. तिथल्या अनेक कुटुंबांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या हातभट्टीचा होता. पोलीस यायचे, पोलिसी भाषेत 'गूळमिश्रित रसायन' म्हणतात ते ओतून द्यायचे, बॅरल फोडायचे, गुन्हा नोंदवायचे आणि काही दिवसांनी सारे पुन्हा सुरू व्हायचे. २०२१ साली सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले. एकेक गाव एकेका अधिकाऱ्याकडे सोपवून छाप्यांच्या जोडीला समुपदेशन आणि दुसरा धंदा देण्याचा हा प्रयत्न होता. भट्टी बंद करायची तर तिच्यावर जगणाऱ्याने उद्या काय करायचे, याचे उत्तर या उपक्रमाने पोलिसांच्या कामात घेतले. १८७८, १९३० आणि १९५० या तिन्ही वेळी ते कोणाच्या कामात नव्हते.

दोन दिवसांचा बेत आखणाऱ्याने शक्य तर जानेवारी निवडावा. बाराला हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी हार पडतात, तेराला नंदीध्वज निघतात. रूपाभवानीचे मंदिर गावाच्या पार दुसऱ्या अंगाला आहे. सात रस्त्यावरून चालत जायचे तर ऊन चढण्याआधी निघणे बरे.