पंचवीस रुपयांचा वाटा
(बडोदा संस्थानातील ग्रंथालय चळवळ आणि परोपकाराची प्रेरणा)

मनुष्य दुसऱ्याचे भले का करतो, हा प्रश्न धर्मविचाराइतकाच जुना आहे आणि त्याची उत्तरेही जुनीच आहेत. कोणी पुण्यसंचयासाठी पाणपोई घालतो, कोणी गेलेल्या आप्ताच्या स्मरणार्थ घाट बांधतो, कोणी लौकिकासाठी देतो, तर कोणाला केवळ दुसऱ्याचे दुःख पाहवत नाही. यांपैकी कोणता हेतू अधिक शुद्ध, याची चिकित्सा तत्त्वचिंतकांनी पुष्कळ केली आहे. इतिहासाला मात्र कोणाच्या अंतःकरणात डोकावता येत नाही. त्याच्या हाती लागतात ते नियम, जमाखर्च आणि मागे उरलेल्या संस्था. तथापि एवढ्या सामग्रीवरूनही परोपकाराच्या प्रेरणेविषयी काही बोध होऊ शकतो, आणि त्या दृष्टीने बडोदा संस्थानातील ग्रंथालय चळवळीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ग्रंथालयाला दिलेले दान हे एका अर्थी अवघड दान आहे. अन्नछत्रात जेवलेल्याची तृप्ती दात्याला डोळ्यांनी दिसते. विहिरीवर पाणी पिणारा वाटसरू जाताना दुवा देऊन जातो. पुस्तक कोण वाचील, केव्हा वाचील आणि त्याचे त्याच्या आयुष्यात काय होईल, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही. अशा अदृश्य फळासाठी खेड्यातील शेतकऱ्याने गाठीचे पैसे का सोडावेत?

या चळवळीच्या मुळाशी असलेल्या पुरुषाचे चरित्र येथे आठवणे अगत्याचे आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, त्या वेळी ते बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळख खऱ्या अर्थाने त्यांना राजवाड्यात आल्यावरच झाली. ज्याला अक्षरे जन्मतःच्या वारशासारखी मिळत नाहीत, त्याला त्यांचे मोल निराळे वाटते. १८८१ साली राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आल्यानंतर १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला.

परंतु शाळा सुटली की पुस्तक सुटते, आणि पुस्तक सुटले की अक्षरही विसरते, ही अडचण होतीच. त्यावरचा उपाय महाराजांना अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून सुचला. १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण करण्यात आले आणि स्वतंत्र ग्रंथालय खाते निर्माण झाले. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे २० हजार ग्रंथ हा मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरला. १९११ साली ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला, तर १९१२ साली इंग्रजी, मराठी व गुजराती अशा तीन भाषांतील मजकूर असलेले ग्रंथालयविषयक नियतकालिक निघाले. बोर्डन १९१३ साली परतले. त्यांच्यामागे जनार्दन सखाराम कुडाळकर आणि पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी या कार्याची धुरा वाहिली.

येथवरची हकीकत एका उदार नरेशाची आहे, आणि औदार्य हे राजाचे भूषण मानण्याची आपली परंपराच आहे. विशेष आहे ते यापुढे. प्रत्येक गावाला दरबारखर्चाने ग्रंथालय बांधून देणे अशक्य नसेल; पण तसे केले गेले नाही. नियम असा होता की गावकऱ्यांनी २५ रुपये जमवून भरले, तर त्यांना १०० रुपये किमतीची देशी भाषांतील पुस्तके मिळावीत. पुढे दरवर्षी खेड्याने १०० रुपयांपर्यंत, कसब्याने ३०० रुपयांपर्यंत आणि प्रांताच्या मुख्य गावाने ७०० रुपयांपर्यंत जी रक्कम उभी करावी, तेवढीच रक्कम सरकारने आणि तेवढीच स्थानिक स्वराज्य संस्थेने द्यावी. इमारतीच्या खर्चाचीही अशीच तीन वाट्यांत विभागणी होती. ज्या गावांची एवढीही ऐपत नव्हती, त्यांच्यासाठी पुस्तकांनी भरलेल्या फिरत्या पेट्या होत्या. त्यांचे जाण्यायेण्याचे भाडेसुद्धा सरकार सोशी.

वरकरणी ही काटकसर वाटेल. वस्तुतः तिच्यात मनुष्यस्वभावाची खोल जाण आहे. दान आणि वर्गणी यांत मोठा भेद आहे. दानाने देणारा वर जातो आणि घेणारा खाली राहतो. वर्गणीत देणारा आणि घेणारा एकच असतो. सरकारने दिलेले पुस्तक सरकारचे. ज्यात आपला रुपया आहे ते पुस्तक आपले. ते फाटले तर वाईट वाटते, हरवले तर चौकशी होते, आणि शेजारच्या मुलाने ते वाचले तर आपल्याच घरी काही चांगले घडल्याचा आनंद होतो.

अर्थात तो रुपया देणाऱ्यांचे सर्वांचे हेतू निर्मळ असतील, असे मानण्याचे कारण नाही. कोणी पाटलाच्या भिडेने दिला असेल, कोणी शेजारच्या गावात ग्रंथालय झाले म्हणून ईर्ष्येने, कोणी यादीत आपले नाव वरचे यावे म्हणून. परंतु या योजनेला हेतूंची शुद्धी करून घेण्याची आवश्यकताच नव्हती. निरनिराळ्या हेतूंचे ओहोळ एका पाटात आणून सोडले की शेत भिजते. शिवाय भिडेने एकदा दिलेला हात दुसऱ्या वर्षी सवयीने पुढे होतो, आणि काही वर्षांनी त्या सवयीलाच लोक आपला धर्म म्हणू लागतात.

मात्र पाट खणून पाणी निर्माण होत नाही. ते आधी असावे लागते. ते होते, याची साक्ष मोतीभाई अमीन यांचे जीवन देते. चरोतर भागातील वसो गावच्या या शिक्षकाने ग्रंथालय खाते जन्मण्यापूर्वीच, १९०६ साली, मित्रमंडळ ग्रंथालयांचे कार्य सुरू केले होते. त्यांच्यापाशी ना खजिना होता ना हुकूम. गावोगावच्या मित्रांना एकत्र करावे, थोडी पुस्तके जमवावीत आणि वाचनाची गोडी लावावी, एवढेच त्यांचे भांडवल. दरबारचे कर्तृत्व असे की त्याने या माणसाला बाजूला सारले नाही. त्याला ग्रंथालय खात्यात घेतले आणि त्याच्या पद्धतीला बळ दिले. राजाची इच्छा आणि शिक्षकाची तळमळ यांचा असा संगम झाल्यानेच शेकडो खेड्यांत ग्रंथालये उभी राहिली. महाराज आणि मोतीभाई दोघेही १९३९ साली निवर्तले.

राजाच्या औदार्याला प्रजेच्या सद्भावाची जोड मिळाली नाही तर काय होते, याचाही दाखला याच नगरीच्या इतिहासात आहे. १९१३ साली सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर या तरुणास अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, असा करार होता. त्या करारास जागून १९१७ साली आंबेडकर बडोद्यास आले, तेव्हा विद्वत्तेने मंडित झालेल्या या पुरुषास सबंध शहरात राहावयास जागा मिळाली नाही. ज्या पारशी विश्रामगृहात त्यांनी आश्रय घेतला होता, तेथूनही त्यांना हुसकावण्यात आले आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडून ते निघून गेले. तिजोरी उघडणे राजाच्या हाती होते. घरांची दारे उघडणे नागरिकांच्या हाती होते, आणि ती उघडली नाहीत.

तरीही ते दान वाया गेले नाही. ज्याला ज्ञानाच्या दाराशी अडवले गेले, त्यानेच १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. बाराव्या वर्षी अक्षर गिरवणारा राजा, आपल्या गावासाठी झिजणारा शिक्षक आणि अवहेलना सोसलेला पंडित या तिघांच्या परिस्थितीत अंतर फार मोठे होते. पण उणीव म्हणजे काय, हे तिघांनाही पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आपल्याला जे दुर्मीळ होते ते दुसऱ्याला सुलभ व्हावे, ही इच्छा परोपकाराच्या साऱ्या प्रेरणांत कदाचित सर्वांत टिकाऊ असावी.

१९४९ साली बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबार राहिला नाही, तिसऱ्या वाट्याचा तो नियमही राहिला नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांनी ठिकठिकाणी जी वाचनालये चालवली, त्यांतील बहुतेकांना तर कोणा राजाचा तिसरा वाटा कधी मिळालाच नव्हता. ती चालली मासिक वर्गणीवर, कोणी वडिलांच्या नावे दिलेल्या कपाटावर आणि संध्याकाळी कचेरीतून थेट वाचनालयात येऊन पुस्तकांची देवघेव लिहिणाऱ्या बिनपगारी चिटणीसांवर. त्यांच्या मनात पुण्य होते, भाषेचे प्रेम होते की केवळ सवय, हे आता कोणी सांगू शकणार नाही. त्यांनी आपला वाटा भरला, एवढे मात्र जमाखर्चाच्या जुन्या वह्यांत स्पष्ट लिहिलेले आहे. पुढच्या पानावर कोणाची नावे चढावयाची, हे आजच्या वाचकांनी ठरवावयाचे आहे.