क्यूच्या पोटात काय असतं?

१९८६ सालचा 'द कलर ऑफ मनी' पाहिलाय? त्यात पॉल न्यूमन टॉम क्रूझला एक क्यू देतो, 'बालाबुश्का' म्हणून. गंमत म्हणजे शूटिंगमधला क्यू होता जॉस कंपनीचा!

तर हा जॉर्ज बालाबुश्का कोण? जन्म रशियात, १९१२चा. १९२४ साली अमेरिकेत आला, सुतारकाम शिकला, लाकडी खेळणी बनवायचा. १९५९ पासून ब्रुकलिनमध्ये क्यू बनवायला लागला आणि १९७५ मध्ये गेला. जेमतेम सोळा वर्षांचं काम, पण पूलवाले त्याचं नाव अजून कानाला हात लावून घेतात.

त्याची खरी लढाई लाकडाशी होती. झाड तोडलं तरी लाकूड हलायचं थांबत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दार अडकतं, तेच. दाराला रंधा मारता येतो हो, पण वाकलेल्या क्यूचं काय करणार? त्यात जे लाकूड दिसायला देखणं, त्याचे धागे बहुधा वेडेवाकडे. म्हणजे तेच जास्त दगा देणार.

बालाबुश्काने सुरुवातीला सोपा मार्ग धरला. ब्रन्सविक कंपनीचे 'टायटलिस्ट' नावाचे अख्खे क्यू मिळायचे. त्यांत दोन लाकडं बोटांत बोटं गुंफावीत तशी चिकटवलेली असत, त्या सांध्यात स्क्रूच नाही. तो ते मधोमध कापून, जोड बसवून, नव्याने घडवायचा. पुढे बर्टन स्पेन आणि गस झांबोटी यांच्याकडून असे तयार तुकडे घेऊ लागला.

त्याच्यानंतर जास्त रुळला तो दुसरा उपाय: कोअरिंग. देखण्या लाकडाला आरपार भोक पाडायचं आणि आत सरळ धाग्याच्या मेपलचा, साधारण पाऊण इंची दांडा चिकटवायचा. भोक सरळ जावं म्हणून गन ड्रिल, म्हणजे बंदुकीच्या नळ्यांसाठी निघालेलं हत्यार! दांडा घट्ट बसवला तर आतली हवा पिस्टनसारखी अडते आणि गोंद धड पसरत नाही. म्हणून दांड्यावर उथळ आटे पाडतात. हवा त्यातून बाहेर, गोंद त्यात आत.

आट्यांचा हिशेब जोडाच्या स्क्रूलाही लागू. ५/१६ इंची स्क्रूला इंचामागे १८ आटे, म्हणजे दोन आट्यांत जेमतेम १.४ मिलिमीटर. एवढं बारीक लाकूड टिकत नाही, तिथे पितळी बुश लागतो. ३/८ इंची स्क्रूला १०च आटे, अंतर अडीच मिलिमीटर. हे थेट लाकडातही चालतात.

आणि आपल्या धंद्यासारखं इथे पॅच पाठवता येत नाही. गोंद सुकला की विषय संपला. आत पोकळी राहिली असेल तर ती वर्षानुवर्षं प्रत्येक फटक्याला बारीक खुळखुळत राहते.

असो. पूल पार्लरमध्ये कुणी नक्षीदार क्यू मिरवत असेल, तर नक्षी बघाच. पण आधी बुंधा तळव्यावर हलकेच आपटून कान लावा.