जातीय अत्याचार, तपास आणि जमीन : बीड जिल्ह्यातील ॲड. एकनाथ आवाड यांच्या कार्याचा संदर्भ

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि मराठवाड्यात खेडोपाडी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तारास १४ जानेवारी १९९४ उजाडले. या हिंसेच्या अनुभवातून घडलेल्या पिढीत बीड जिल्ह्यातील ॲड. एकनाथ आवाड (१९५६-२०१५) यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

पोतराजाच्या घरी जन्मलेल्या आवाडांनी मानवी हक्क अभियान उभारले. ॲट्रॉसिटी कायदा ३० जानेवारी १९९० रोजी अमलात आला. १९९५ च्या नियमांनी तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्यास मनाई केली. तथापि केवळ अधिकाऱ्याच्या दर्जाने पुरावा टिकत नाही. साक्षीदार ज्याच्या शेतावर राबतो तोच आरोपी वा आरोपीचा आप्त असेल, तर मजुरी बंद होताच साक्ष फिरते. ऊसतोडीसाठी निम्मे वर्ष गाव सोडणाऱ्या कुटुंबांना न्यायालयाची तारीख पाळणेही कठीण जाते.

अभियानाने अत्याचारविरोधी लढ्याला गायरान हक्काची जोड दिली, ती या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला. मात्र सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी पुढेही झगडावे लागले, आणि हीच गायराने नव्या हल्ल्यांचे निमित्तही ठरली. सारांश, साक्षीदाराच्या पायाखाली स्वतःची जमीन असल्याखेरीज कायद्यातील तपास न्यायापर्यंत पोहोचत नाही, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.