पत्ता नसलेल्यांची मतदार यादी

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मतदार यादीत नाव घालायचं म्हटलं की पहिली अडचण पत्त्याची. वीजबिल घरमालकाच्या नावावर, भाडेकरार करायला मालक राजी नाही आणि रेशनकार्ड गावाकडचं. माणूस मात्र दहा वर्षं तिथंच राहतो. 'कुठं राहता?' हा साधा प्रश्न मग 'तुम्ही कोण?' असा ऐकू येतो. मुस्लिम वस्त्यांत तर जास्तच. म्हणून या प्रश्नाचा इतिहास पाहायला हवा.

१९३५च्या कायद्यात मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. बहुसंख्य गरीब यादीबाहेरच होते. स्वातंत्र्यानंतर २१ वर्षांवरील प्रत्येकाला मत द्यायचं ठरलं. राज्यघटना तयार होण्याआधीच संविधान सभेच्या सचिवालयाने यादीचं काम सुरू केलं. मार्च १९४८च्या सूचनांत रहिवासाची अट होती : ३१ मार्च १९४८ला संपणाऱ्या वर्षात त्या ठिकाणी किमान १८० दिवस वास्तव्य.

पण फाळणीत घरदार सोडून छावणीत आलेल्यांनी हे १८० दिवस कुठून आणायचे? प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. उत्तर आलं : या गावात किंवा शहरात कायम राहायचा इरादा आहे, एवढं निवेदन निर्वासिताने दिलं तरी नाव नोंदवावं. सर्वस्व गमावलेल्या माणसाचा शब्द शासनाने पुरावा मानला.

अर्थात त्या यादीतही सगळे सामावले नाहीत. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' अशीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं वगळावी लागली. तरीही सुमारे १७ कोटी मतदारांची नोंद झाली.

१९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने 'सर्वसाधारण रहिवासी' हा निकष ठेवला. केवळ घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, असं हा कायदा सांगतो. सातबारा कुणाच्या नावे आहे यापेक्षा माणूस कुठं राहतो, हे महत्त्वाचं.

दिल्ली आणि मुंबईतल्या वस्त्यांत यादीतल्या मतदारांनाच नागरिकत्व सिद्ध करायला सांगितलं गेलं, तेव्हा १९९५ मध्ये लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, आधीपासून यादीत असलेल्याचं नाव काढण्यापूर्वी त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी द्यावी आणि त्याचे सगळे पुरावे विचारात घ्यावेत. बेघरांसाठी तर निवडणूक आयोगाची पद्धत अशी की, केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन तो माणूस सांगितलेल्या जागी झोपतो का, ते पाहतो. कागद मागत नाही.

म्हणजे यंत्रणेने मतदारापर्यंत जावं, ही आपलीच जुनी रीत आहे. भाडेकरार नाही म्हणून अर्ज न भरता घरी बसू नका. अर्ज भरा, पोच घ्या, प्रारूप यादी लागली की नाव तपासा. पाठीशी छत नसलेल्यांची नावं ज्या देशाने यादीत लिहिली, त्याच्याकडे आपण मेहरबानी मागत नाही, हक्क मागतो.