प्रथमोपचार-शिक्षणाची परंपरा आणि स्वयंसेवक शिक्षक

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. अपघातग्रस्ताचे प्राण वाचविण्याची विद्या दुसऱ्यास विनामूल्य शिकविणे, या एका कार्यात ज्ञानदान आणि अभयदान ही दोन्ही एकत्र येतात. या कार्याचा संघटित इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा असून त्याची प्रेरणा रणांगणावरील हिंसेतून मिळाली, हे विशेष होय.

२४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे घनघोर लढाई झाली. हजारो जखमी सैनिक उपचाराविना पडून होते. व्यापारी कामानिमित्त तेथे आलेले जिनिव्हाचे हेन्री ड्युनंट यांनी जवळच्या गावातील स्त्री-पुरुषांना हाताशी धरून, मित्र-शत्रू असा भेद न करता त्यांची शुश्रूषा केली. याच अनुभवातून १८६३ मध्ये रेडक्रॉस चळवळीचा पाया घातला गेला. मात्र त्या गावकऱ्यांच्या अंगी करुणा असली तरी रक्तस्राव कसा थांबवावा, मोडलेले हाड कसे बांधावे, याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. १८७७ मध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशनची स्थापना झाली आणि १८७८ मध्ये लष्करी शल्यविशारद पीटर शेफर्ड व त्यांचे सहकारी फ्रान्सिस डंकन यांनी लंडननजीक वूलिच येथे सामान्य नागरिकांसाठी वर्ग सुरू केले. त्याच वर्षी ३ सप्टेंबर रोजी वूलिचजवळ थेम्स नदीत ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट बुडून ६०० हून अधिक माणसे दगावली. तेव्हा या नव्या शिक्षणाचा मदतकार्यात उपयोग झाला.

२२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील इसांडल्वाना येथील लढाईत, एका जखमी सैनिकास पाहत असताना शेफर्ड मारले गेले. परंतु त्यांनी लिहिलेली पुस्तिका मागे राहिली होती आणि शिकलेली माणसे होती. म्हणून वर्ग थांबले नाहीत. जर्मन शल्यविशारद फ्रेडरिक एस्मार्क यांनी लंडनमधील हे कार्य पाहून १८८२ मध्ये कील येथे तशीच शाळा काढली. पुढे खाणी, रेल्वे आणि पोलीस दलांपर्यंत हे शिक्षण पोहोचले. आरंभी डॉक्टरच व्याख्याने देत. कालांतराने प्रशिक्षित नागरिकही शिक्षक होऊ लागले. भारतात १९२० च्या अधिनियमान्वये इंडियन रेडक्रॉस सोसायटी स्थापन झाली. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या शाखांनीही येथे प्रथमोपचाराचे वर्ग चालविले आहेत.

हे शास्त्र स्थिर राहिलेले नाही. छातीवर दाब देऊन बंद पडलेल्या हृदयाचे कार्य सांभाळण्याची पद्धत १९६० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी जगापुढे मांडली. तिच्यातही वेळोवेळी सुधारणा झाल्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देण्याचे प्रमाण आज शिकविले जाते. त्यामुळे शिक्षकालाही पुनःपुन्हा विद्यार्थी व्हावे लागते.

स्वाध्यायाचे वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश असे पाच प्रकार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. हा क्रम शास्त्राभ्यासाचा असला तरी प्रथमोपचाराच्या स्वयंसेवक शिक्षकालाही तो लागू पडतो. त्याने आधी शिकावे, शंका विचाराव्यात, चिंतन करावे, हाताला वळण लागेपर्यंत सराव करावा आणि मगच दुसऱ्यास शिकवावे.

हृदय थांबल्यास प्राणवायूअभावी मेंदूची हानी चार-पाच मिनिटांतच सुरू होऊ शकते. शत्रुंजय, सम्मेदशिखर, मांगीतुंगी यांसारख्या चढाच्या तीर्थक्षेत्री एवढ्या अवधीत डॉक्टर पोहोचणे कठीण असते. तेथे शेजारचा यात्रेकरूच उपयोगी पडू शकतो. अपघातग्रस्तास साहाय्य करणाऱ्यास कायद्याचा जाच होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती अधिनियमात तसे संरक्षण दिले गेले. भीतीचे एक कारण दूर झाले. अज्ञान दूर करणे समाजाच्या हाती आहे.

धर्मशाळा, भोजनशाळा आणि औषधालये उभारणाऱ्या समाजाला दानाची सवय नव्याने लावावी लागत नाही. प्रत्येक संघातून दोन-चार श्रावक-श्राविका जरी प्रथमोपचाराच्या शिक्षक झाल्या, तरी सुवर्णमहोत्सवी वर्षातील ते एक चिरस्थायी दान ठरेल.