दुष्काळी कामापासून कामाच्या हक्कापर्यंत

दारिद्र्याने गांजलेल्या बांधवास साह्य करावे, हा आपल्या समाजाचा जुना धर्म आहे. अन्नछत्रे, सदावर्ते, धान्यवाटप ही त्याचीच रूपे होत. प्राण वाचविण्यासाठी दान हवेच. परंतु दान घेणारा पुढल्या वर्षी पुन्हा त्याच दारी उभा राहतो, हाही सर्वांचा अनुभव आहे. म्हणून 'दान नको, काम द्या' असे सुज्ञ लोक सांगतात. ते योग्यच, मात्र कोणत्याही कामाने दारिद्र्य हटते असे नाही. कोणत्या अटींवर दिलेले काम माणसास उभे करते, याचा धडा महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. इंग्रज सरकारने रस्ते बांधणे, खडी फोडणे अशी कामे काढली. काम मागणारा खरोखरच उपाशी आहे की नाही, याची परीक्षा घेणे हा त्यातील एक हेतू होता. १८७७ च्या प्रारंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मजुरी घटविण्यात आली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषास अवघे एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे मिळू लागले. मुंबई इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि दुष्काळाचे नियम ठरले. तरीही काम ही सरकारची मेहेरबानीच राहिली. सरकारने दुष्काळ जाहीर केला तर काम. पाऊस पडला की काम बंद.

हा विचार उलटविण्याचे श्रेय मुख्यत्वे श्री. वि. स. पागे यांना जाते. १९६० पासून १९७८ पर्यंत ते राज्याच्या विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यातील भूमिहीनास दुष्काळ नसतानाही वर्षातील कित्येक महिने काम नसते, हे त्यांनी ओळखले. काम मागेल त्यास काम देण्याचे दायित्व शासनाने पत्करावे, अशी त्यांची मांडणी होती. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात या कल्पनेचा प्रयोग झाला, आणि १९७२ साली योजना राज्यात सुरू झाली.

त्याच वर्षी अवर्षणाने महाराष्ट्र होरपळला. मिलोची भाकरी व सुकडी आमच्या पिढीच्या स्मरणात आहे. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात मजूर होते. माणसे जगली, ही मोठीच गोष्ट. परंतु पुष्कळ ठिकाणी फोडलेल्या खडीचे ढीग तसेच पडून राहिले. नुसता घाम गाळल्याने गावाचे दैन्य फिटत नाही, हे तेव्हा उमगले.

रोजगार हमीचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने संमत केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. कामाच्या मापावर मजुरी मोजावी. आणि पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती अशी टिकाऊ कामे काढावीत, हे त्याचे सार. मापावर मजुरी असल्याने स्त्रियांच्या पाटीचे मोल पुरुषाच्या पाटीइतकेच ठरले, व हजेरीपटावर त्यांची नावे मोठ्या संख्येने लागली. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. आपल्यातील नोकरदारांच्या पगारातून दरमहा जी लहानशी रक्कम कापली गेली, तिचे मूळ येथे आहे. शहरातील कमावत्याने खेड्यातील श्रमिकास भीक घातली नाही. त्याच्या श्रमाचे मोल देण्यास हातभार लावला.

योजनेत दोषही शिरले. खोट्या हजेऱ्या, रखडलेली मजुरी, अर्धवट सोडलेली कामे यांची चर्चा वेळोवेळी झाली. तथापि १९९० साली फळबाग लागवडीची जोड मिळाल्यावर अनेक लहान शेतकरी स्वतःच्या रानात फळझाडे लावू शकले, आणि २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यापुढे होता.

या इतिहासातून तीन अटी निघतात. काम मागणाऱ्यास ते सन्मानाने मिळावे, मजुरी पोटभर असावी, आणि कामातून मागे काही उभे राहावे. १८७७ मध्ये तिन्हींचा विसर पडला. १९७२ मध्ये तिसरी अपुरी राहिली.

ज्ञातिबांधवांनो, आपल्या साह्यनिधीसही हीच कसोटी लावू या. आजारी, वृद्ध व निराधार यांस विनाअट साह्य द्यावे. त्यांच्याकडून कष्टांची अपेक्षा करणे हा अधर्म होय. परंतु धडधाकट तरुणास वर्षातून एकदा पाकीट देऊन फोटो काढण्यापेक्षा त्यास हत्यारे, शिलाई यंत्र किंवा एखाद्या बांधवाच्या कारखान्यात योग्य वेतनावर उमेदवारी मिळवून द्यावी. पुढील वर्षी त्याचे नाव साह्य घेणाऱ्यांच्या यादीतून निघून वर्गणीदारांच्या यादीत आले, तर निधी सत्कारणी लागला असे समजावे.