अपघाताची नोंद : गिरणीच्या वहीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

मंडळी, आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. कारखान्यात अपघात झाला की तो कुठेतरी लिहिला जातो. पूर्वी वहीत, आता सॉफ्टवेअरमध्ये. यात इतिहास तो काय? पण एखादी जखम ‘अपघात’ म्हणून लिहिली गेली की नाही, यावर कामगाराची भरपाई ठरते, आणि त्याच यंत्रावर उद्या उभ्या राहणाऱ्या माणसाचा हातही. म्हणून आज आपण एकच प्रश्न धरून चालू : नोंद कोण करतं, आणि ती कोणाच्या कामी येते?

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करू. पहिली कापड गिरणी १८५०च्या दशकात उभी राहिली. कारखान्यांचा पहिला कायदा आला तो १८८१ साली. धोकादायक यंत्रांना आडोसा घाला आणि अपघात झाला तर कळवा, असं त्याने मालकांना बजावलं. मात्र हा कायदा शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. म्हणजे नव्वद माणसांच्या कारखान्यात कुणाची बोटं गेली, तरी सरकारच्या लेखी काही घडलंच नव्हतं. कोणता अपघात मोजायचा याची रेषा आधी आखली जाते आणि मगच आकडे येतात, ही गोष्ट आपल्याला पुढेही भेटणार आहे.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी एक मागणी मात्र फारशी आठवली जात नाही : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. सरकारला अपघाताची खबर हवी होती. कामगार विचारत होते, की खबर दिल्यावर आमचं पुढे काय?

या प्रश्नाला कायद्याचं उत्तर मिळायला जवळपास चाळीस वर्षं गेली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४पासून अमलात आला. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेली असली पाहिजे, ही त्याची मुख्य अट. आता वहीतली ओळ म्हणजे कामगाराच्या हातातला पुरावा झाली. पण त्याच दिवसापासून ती मालकाचा खर्चही झाली. नोंद टाळण्याचा मोह इथेच वाढला.

स्वातंत्र्यानंतर १९४८च्या फॅक्टरी कायद्याने आणखी एक रेषा आखली. मृत्यू झाला, किंवा जखमी माणूस ४८ तास वा अधिक काळ काम करू शकला नाही, तर व्यवस्थापकाने सरकारी यंत्रणेला कळवायचं. हेतू चांगलाच होता. पण पळवाट कुठे आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल. हाताला पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून खुर्चीवर बसवलं, हजेरी लावली, की ४८ तास भरतच नाहीत. गेटवरच्या ‘अपघाताविना इतके दिवस’ या फलकावरचा आकडा मात्र एकाने वाढतो.

आता समजा, नोंद प्रामाणिकपणे झाली. तेवढ्याने भागतं का? भोपाळचं उदाहरण घेऊ. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला. मे १९८२मध्ये अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच पथकाने पाहणी करून त्रुटींची यादी दिली. विषारी वायू सुटण्याचा धोका कागदावर आलेला होता. तरीही २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री जे घडलं, ते घडलंच. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं.

या पार्श्वभूमीवर आजच्या सॉफ्टवेअरकडे पाहू. कामगार मोबाइलवर फोटो काढून प्रसंग नोंदवतो. ‘निअर मिस’ म्हणजे थोडक्यात निभावलेले प्रसंगही त्यात येतात. मोठ्या अपघातामागे अशा लहान प्रसंगांची रांग असते, हे अमेरिकेत हाइनरिश यांनी १९३१ सालीच मांडलं होतं. त्यांच्या आकड्यांवर पुढे टीका झाली, पण लहान प्रसंग टिपण्याची सवय टिकली. शिवाय पडद्यावर काही रकाने असतात : मूळ कारण काय, दुरुस्ती कोणी करायची, कोणत्या तारखेपर्यंत. तारीख उलटली की वरच्या साहेबाला आपोआप संदेश जातो. भोपाळच्या यादीसारखी यादी फायलीत पडून राहू नये, यासाठीच ही सोय आहे.

पण जुने प्रश्न इथेही सुटत नाहीत. कंत्राटी कामगाराला लॉगिन दिलंय का? पडदा मराठीत, हिंदीत आहे का, की फक्त इंग्रजीत? नोंद केली म्हणून उद्या त्याचाच गेटपास बंद होणार नाही ना? नोंदी वाढल्या की बोनस कापला जाणार असेल, तर उत्तम सॉफ्टवेअरही कोरंच राहील. एखाद्या कारखान्यात वर्षभर एकही ‘निअर मिस’ नोंदला गेला नसेल, तर अभिनंदन करण्याआधी आपण तिथल्या कामगारांशी बोललं पाहिजे.

लोखंड्यांच्या निवेदनातली ती मागणी आजही कसोटी म्हणून वापरता येते. नोंद झाल्यावर जखमी माणसाला पगार आणि उपचार मिळाले का, आणि ते यंत्र दुरुस्त झालं का? ही दोन उत्तरं ज्या नोंदीतून मिळतात ती खरी नोंद, मग ती वहीत असो वा पडद्यावर. इथे थांबू आणि तुमच्या प्रश्नांकडे वळू.